गोधडी द्यायची, तर धुता येईल अशी द्या

गोधडी भेट द्यायचं मनात आलं की माणसं मला आधी रंग विचारतात. वर निळी साडी घेऊ का हिरवी, मध्ये कमळ काढू का, काठ ठेवू का. मी उलट विचारतो, ती धुणार कोण? पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी भाची धुणार असेल तर गोधडी वेगळी. घरी सात किलोचं मशीन असेल तर वेगळी. आणि घटस्थापनेआधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर न्यायची पद्धत जिथे अजून आहे, तिथली आणखी वेगळी. आमच्या कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. नवरात्राच्या आधी त्या काठावर जी आपटाआपट चालते ती एकदा बघा, म्हणजे नाजूक कशिद्याची हौस आपोआप फिटेल.

मी शिंपी. उमेदीची सगळी वर्षं पँट-शर्ट शिवण्यात गेली. गोधडी शिकलो ती आईच्या हाताखाली. ती दुपारची मजुरीवर लोकांच्या वाकळा शिवून द्यायची. आता दुकान मुलाकडे आहे आणि मी नात्यागोत्यातल्या गोधड्या करत बसतो. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात शिंप्याचा हट्टीपणा असणार, तो गोड मानून घ्या. माझं म्हणणं एवढंच, की गोधडी पांघरली गेली पाहिजे, मळली पाहिजे, धुतली गेली पाहिजे. "एवढी मेहनतीची वस्तू, वापरायला जीव होत नाही" असं म्हणून कुणी ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, तर चूक देणाऱ्याची. त्याने वापरता येईल अशी केली नाही.

कापड कुणाचं

भेटीची गोधडी गुपचूप होत नाही. कापड घरातूनच गोळा करायचं असतं, आणि ते मागितल्यावर कुणाला ना कुणाला कळतंच. कळू द्या. मागताना साडी कुणाची, कधीची, हेही विचारून ठेवा आणि चिठ्ठी लिहून त्या कापडाला टाचणीने लावा. सहा महिन्यांनी सगळ्या मऊ सुती साड्या सारख्याच दिसतात.

गेलेल्या माणसाचं कापड असेल तर विचारल्याशिवाय कात्री लावू नये. काही घरांत असं कापड बाळाच्या अंगावर घालत नाहीत, काही घरांत मुद्दाम घालतात. अक्काच्या नातवाच्या वेळी बाळंतविड्यासाठी दुपटी करायची होती. माझ्याकडे आईचं एक लुगडं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. मी ते घेऊन गेलो. अक्काची सून हळूच म्हणाली, "मामा, आजींचं लुगडं बाळाला नको, त्याची माझ्यासाठी गोधडी करा. बाळाला आईंच्या साडीचं करा की." आई म्हणजे तिची सासू, आमची अक्का. अक्काने तिथल्या तिथे कपाटातनं दोन वायलच्या साड्या काढून दिल्या. दोघींना आपापलं मिळालं. न विचारता करून नेलं असतं, तर ते दुपटं एकदाही बाळाखाली गेलं नसतं आणि कुणी मला कारणही सांगितलं नसतं.

पुरुषांचं कापड लोक विसरतात. धोतर, पंचा, सुती लुंगी, वडिलांचा पांढरा सदरा, टोपी. धोतरासारखा आतला थर दुसरा नाही, घाम पितं आणि लवकर वाळतं.

कापड पारखणं

सुती सोडून काही नको. इथे माझ्याशी वाद घालू नका. आमच्या दुकानात पोती भरभरून कात्रण निघायचं, सगळं टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. त्याची गोधडी वर्षानुवर्षं टिकते, रंग उडत नाही आणि तिच्यात झोपही लागत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, घाम आत राहतो, सुई कुरकुरते.

कापड सुती आहे का हे हाताला कळत नसेल तर कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, खाली मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि थंड झाल्यावर टणक मणी राहतो. मिसळ असेल तर दोन्ही दिसतं, राखेत खडा लागतो. उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळे तपासा, काही साड्यांत एक सुती आणि एक दुसराच असतो.

मग जीव बघायचा. कापड उजेडासमोर धरा. जिथे जाळीसारखं दिसेल ती जागा विरलेली. साडी बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या घेरात आधी विरते, पदराकडची बाजू बरी राहते. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणा. चर्रकन आवाज आला तर ते वर घेऊ नका, आतल्या थराला चालेल. अगदी बोट घुसत असेल तर आतही नको. आत तुकडे सुटून गोळे होतात आणि ते शेवटपर्यंत हाताला लागतात.

रंग सुटतो का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाल, मरून, काळा आणि गडद निळा हे चार संशयित. कापडाचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उतरला तर ते कापड वेगळं काढा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, मी ते करून बघत बसत नाही. पाचसहा धुण्यांनंतरही रंग जात असेल तर त्या साडीची पिशवी शिवा. एक लाल तुकडा अख्खी पांढरी बाजू गुलाबी करतो.

इरकली साडीचं अंग सुती असलं तरी टोप पदर आणि काठ बहुतेक वेळा रेशमी किंवा नकली रेशमाचे असतात. अंग घ्या, पदर बाजूला ठेवा. जरीचा काठ तर नकोच, गळ्याला टोचतो.

नवीन मांजरपाट किंवा नवीन सुती कापड वापरणार असाल तर रात्रभर पाण्यात ठेवून खळ काढा, गरम पाण्यात एकदा धुवा, उन्हात वाळवा. जुनी साडी आधीच आटून बसलेली असते आणि नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. दोन्ही एकत्र शिवली की पहिल्या पाण्यालाच एक बाजू आखडते आणि दुसरीवर चुण्या पडतात. परदेशी असलेल्या मुलांना देणार असाल तर ते वाळवायच्या मशीनमध्ये घालणार हे गृहीत धरा. त्यांच्या गोधडीचं जुनं कापडसुद्धा गरम पाण्यातून काढा.

माप

आता साडीचा हिशोब. नेहमीची गोल साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५-४६ इंच. तिचे आडवे चार तुकडे केले की प्रत्येकी साडेचार फूट. दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की साडेचार बाय साडेसात फुटांचा एक थर झाला. काठ काढून टाकले तर पावणेसात फूट उरतो, तोही एका माणसाला पुरतो. म्हणजे एका साडीचे दोन थर. दोन साड्यांत चार थरांची, कोकणात किंवा पुण्यात वर्षभर चालेल अशी गोधडी होते. महाबळेश्वर-पाचगणीकडे किंवा वाईच्या थंडीला सहा थर लागतात, तीन साड्या. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, तिचे साडेचार फुटांचे सहा तुकडे पडतात, म्हणजे तीन थर.

डबल गोधडी मी करून देत नाही. जावयांनी मागितली तरी नाही. ओली झाल्यावर ती एकट्याला पिळवत नाही, दोरीवर टाकवत नाही, मशीनमध्ये मावत नाही. मग ती धुतलीच जात नाही. नवराबायकोला द्यायची असेल तर एकाच साडीजोडीतल्या दोन सिंगल द्या. एकाला उकडत असतं आणि दुसऱ्याला थंडी वाजत असते, तो प्रश्नही सुटतो.

बाळाचं दुपटं तीन बाय तीन फूट, दोन थर, फार तर तीन. त्यावर बटण, टिकली, लेस, लोंबणारा दोरा काही नको. अंगाखाली घालायला आणि गुंडाळून उचलायला ते आहे, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर जाईल असं पांघरायला नाही. दुपट्यांचं एक बरं असतं, ती एकदोन करून भागत नाही. सहा करा. नवशिक्याचा हातही त्यातच बसतो.

फाडणं, जोडणं

साडी कात्रीने आडवी कापायला गेलात तर वाकडी जाते. काठ आधी कात्रीने सोडवा, मग कडेला एक खाच द्या आणि सरळ फाडा. सुती कापड आडव्या धाग्याने सरळ रेषेत फाटतं. कापड फार विरलेलं असेल तर फाडू नका. खाचेपाशी एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढत न्या, मागे जी बारीक रेघ उमटते तिच्यावरून कात्री चालवा.

सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवा. एक थर उभा आणि एक आडवा झाला, तर धुतल्यावर गोधडी पिळवटल्यासारखी दिसते आणि मग कितीही इस्त्री करा.

वरच्या थरांची जोडशिलाई मधोमध येते. आतल्या थरांची तिथेच येऊ देऊ नका, नाहीतर चार थरांची शिलाई एका ओळीत जमून झोपताना कंबरेखाली दोरीसारखी लागते. आतल्या थरासाठी दोन तुकड्यांपैकी एक उभा फाडून अर्धा-अर्धा करा आणि अख्ख्या तुकड्याच्या दोन बाजूंना जोडा. शिलाया बाजूला सरकतात. जोडल्यावर शिलाईचे पदर दोन बाजूंना उघडून इस्त्री मारा. हे जोडकाम मशीनवर करा, त्यात हाताचा अट्टहास नको.

थर लावणं

फरशी झाडून पुसून कोरडी करा. जाजम किंवा सतरंजीवर थर लावू नका, त्यांच्या सुरकुत्या वर येतात. सगळ्यात खालचा थर सुलट बाजू जमिनीकडे करून अंथरा आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडे दोन इस्त्र्या, वरवंटा आणि लोणच्याची बरणी असते. वर आतले थर, ते चारी बाजूंनी अर्धा इंच लहान. सगळ्यात वर दर्शनी थर. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सारत आणायचा, कडेकडून मध्ये कधीच नाही. मध्ये एकदा झोळ राहिला की तो शिलाईत कुठेही पळत नाही, शेवटी एका जागी फुगा होऊन बसतो.

मग कच्चा टाका. गोधडीच्या रंगात न मिसळणारा दोरा घ्या, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. मधोमध एक उभी ओळ, एक आडवी, आणि तिथून दोन्हीकडे वीत-वीत अंतरावर. टाका बोटभर लांब चालतो. इथे कंटाळा करणाऱ्यांच्या गोधड्या मी शंभर पावलांवरून ओळखतो. गुडघे दुखत असतील तर हे काम दिवाणावर करा, पण दर चार टाक्यांनी खालून हात फिरवा, नाहीतर अंथरलेली चादरही गोधडीत शिवली जाते.

बाहेरच्या दोन्ही थरांच्या कडा अर्धा इंच आत दुमडा, समोरासमोर आणा, कच्च्या टाक्याने धरा. कडा फारच विरलेल्या असतील तर दुमडू नका, जुन्या काठाचा किंवा खणाच्या सुती पट्टीचा गोट लावा. पट्टी अडीच इंच रुंद घेतली की दोन्हीकडे व्यवस्थित वळते.

सुई, दोरा आणि बोट

दाभण गोणपाटासाठी. गोधडीला जाड, लांब, पण टोकाला बारीक अशी सुई लागते. दुकानात "गोधडीची सुई" म्हणून मागितलीत तर मिळते. दोरा सुतीच, कारण पॉलिस्टरचा दोरा मऊ कापडाला कापत जातो. भरतकामाची लडी सहा पदरी आणि आठ मीटरची असते, तिचे तीन-तीन पदर वेगळे करून घ्या. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढला की गुंता निम्म्याने कमी होतो. एका वेळी हातभर दोराच ओवा. लांब ओवणाऱ्याचा वेळ गाठी सोडवण्यात जातो.

सुई ढकलायला बोटात धातूचं अंगुस्तान घाला. बायका बंद टोपीचं घालतात आणि टोकाने ढकलतात. आम्ही शिंपी वरून उघडं घालतो आणि बोटाच्या कडेने सुई रेटतो. दुसऱ्या पद्धतीत जोर जास्त देता येतो आणि बोट दुखत नाही. चार थरांतून सुई काढायची म्हणजे जोर हवाच.

धावदोरा

धावदोरा म्हणजे सुई खाली-वर काढत घातलेला साधा सरळ टाका. ही शिलाई बाहेरून सुरू करायची. कडेपासून एक बोट आत पहिला फेरा, चारी बाजूंनी. मग त्याच्या आत एक बोट सोडून दुसरा, मग तिसरा, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. गाठ दिसू द्यायची नाही. सुई वरच्या थरातून घालून हलकेच झटका दिला की गाठ थरांच्या मध्ये जाऊन बसते.

टाका इंचात तीन ते चार. उजव्या हाताने सुई, डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक डाव्या हाताच्या तर्जनीला जरा टेकलं की समजायचं खालचा थर पकडला गेला, आणि तिथूनच बोटाने टोक वर उचलून द्यायचं. सुईवर तीन-चार टाके जमू द्या, मग दोरा ओढा. ओढताना एक गोष्ट सांभाळा: दोरा कापडावर टेकला की हात थांबवायचा. आणखी ताणलात तर ओळीला चुण्या पडतात आणि शेवटी गोधडी चारी बाजूंनी आखडून लहान होते. प्रत्येक ओळ संपली की तळहाताने ती मागे सारून बघायची. माझी आई प्रत्येक ओळीनंतर गोधडी उलटी करून खालची बाजू बघायची. खालचा टाका वरच्याएवढाच दिसला तर पुढे, नाहीतर उसव. तिला मजुरी वाकळेवर मिळायची, उसवण्याचे पैसे कुणी देत नव्हतं, तरी उसवायची.

ओळींमधलं अंतर माणूस बघून ठरवा. एक बोट म्हणजे साधारण दोन सेंटीमीटर. एवढ्या जवळ शिवली की साडेचार बाय पावणेसात फुटांच्या गोधडीत जवळपास १४० मीटर शिलाई भरते. लड्या तीन पदरांनी वापरल्या तर डझनभर लागतात. ही गोधडी आपटली, पिळली तरी हलत नाही, पण अंगावर जरा जड वाटते. दोन बोटं अंतर ठेवलं तर शिलाई आणि वेळ निम्मा आणि गोधडी मऊ, लोळणारी. म्हाताऱ्या माणसांना मी दोन बोटांची करतो, त्यांना अंगावर कडक काही सोसत नाही. होस्टेलला जाणाऱ्या नातवाला एक बोटाची.

वेळेचा हिशोब आधी करा. बसलेल्या हाताने तासाला चार-पाच मीटर होतात, म्हणजे दाट गोधडीला तीसेक तास. रोज दुपारचा एक तास धरला तर महिना. दिवाळीला द्यायची असेल तर श्रावणात कापड फाडून झालेलं असावं. पूर्वी बायका हे काम उन्हाळ्यात, वाळवणं झाली की काढायच्या आणि मृगाच्या आत संपवायच्या. पावसाळ्यात घर दमट असतं, मांडीवर पसरलेली गोधडी नकोशी होते आणि उजेडही पुरत नाही.

मुलगा विचारतो, "आबा, मशीनवर दोन तासांत होईल, कशाला डोळे घालवता?" होईल की. मशीनची गोधडी वाईट नसते, १६ किंवा १८ नंबरची सुई घाला, टाका मोठा ठेवा, मधून बाहेर शिवा. पण मशीनचे दात खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा मागे राहतो, त्यामुळे चार थरांना तिरकस चुण्या येतात. शिवाय मशीनचा टाका थर आवळून धरतो. हाताच्या धावदोऱ्यात थरांना एकमेकांत थोडं हलायला जागा राहते, म्हणून ती अंगाला लपेटते. मशीनवाली अंगावर उभी राहते. घाईच असेल तर कडेचे दोन फेरे मशीनवर मारा आणि आतलं हाताने करा. धुताना सगळा ताण कडेवर येतो.

ठिगळं आणि खुणा

भेट म्हणून जे काही वेगळं करायचं ते इथे. शाळेच्या गणवेशाचा खिसा, आजोबांच्या लुंगीचा चौकडा, आईच्या लुगड्याचा एक तुकडा. ठिगळाच्या कडा पाव इंच आत दुमडून इस्त्री मारा आणि धावदोरा सुरू करायच्या आधी, वरचा थर सुटा असतानाच, बारीक टाक्याने लावा. मग धावदोऱ्याच्या ओळी त्याच्यावरून जातात आणि ठिगळ कायमचं बसतं. मागाहून लावलेलं ठिगळ आधी निघतं. गर्दी करू नका, पाच-सहा पुरे. एरवी गोधडीला ठिगळाची लाज कसली. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणतच होते.

भाचीच्या गोधडीवर तिच्या बाबांच्या सदऱ्याचा खिसा अख्खा लावला होता, वरचं तोंड उघडं ठेवून. ती त्यात चष्मा ठेवते. खिसा उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर हवा, हे ती गोधडी पांघरून बघितल्याशिवाय कळलं नसतं. म्हणून ठिगळाची जागा फरशीवर ठरवू नका, कुणालातरी खाली झोपवा, वरून कापड टाका आणि खडूने खूण करा.

पायाकडची बाजू ओळखता यावी म्हणून एका कोपऱ्यात पक्क्या रंगाचा लाल तुकडा लावा. पायाकडचं तोंडाकडे आलेलं आपल्याकडे कुणाला आवडत नाही, आणि अंधारात सुती कापड दोन्हीकडून सारखंच. नाव आणि साल लिहायचं तर पायाकडच्या बाजूला, साखळी टाक्याने. गळ्याशी भरतकाम नको.

कोपरे सगळ्यात आधी फाटतात, कारण उचलताना, वाळत घालताना हात तिथेच जातो. आपल्या खाली, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडे, मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या करतात, त्यांना कवंदी म्हणतात. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे शब्द भरपूर. त्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं बसवतात आणि फुलांशिवाय कवंदी उघडीबोडकी मानतात. त्यांच्यासाठी ते सौंदर्य, पण शिंप्याच्या डोळ्यांनी बघितलं तर कोपऱ्याला चांगली चार पदरांची बळकटीही मिळते. मी साध्या तिकोनी घड्या लावतो, रंग मात्र चारी वेगळे.

मधला शेवटचा छोटा चौकोन राहिला की आमच्याकडे तांदळाचे चार दाणे आत टाकून तो शिवतात, गोधडीचं पोट भरलं म्हणून. दुपट्यात मी टाकत नाही, बाळ चोखतं. एरवी टाकतो. नंतर कच्चा टाका उसवा, एक पाणी स्वतः काढा आणि दोन उन्हं द्या. धुतल्यावर काय हलतंय ते आपल्याच घरी कळलेलं बरं.

देताना

देताना दोन गोष्टी तोंडाने सांगा. धुताना अर्धा तास भिजवून साध्या साबणाने हाताने दाबायची, जोरात पिळायची नाही, आणि वाळत घालताना एका दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरायची. आणि ठेवायची वेळ आली तर सुकलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा घालायचा. डांबरगोळ्या नकोत, लहान बाळाच्या कापडात तर मुळीच नकोत. काही बाळांच्या रक्तात एक कमतरता असते आणि त्या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

सोबत एक पुरचुंडी द्या. त्यात वरच्या साडीच्या दोन वितभर पट्ट्या, एक लडी आणि ओवलेली सुई. गोधडी पहिल्यांदा गळ्याच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत विरते, कारण ओढून घेताना मूठ तिथे पडते. भोक दिसायची वाट बघू नका. कापड उजेडाला जाळीदार दिसलं की पट्टी त्या विरलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठी घ्या, कडा दुमडा, आणि सुई चारही थरांतून आरपार काढा. नुसत्या वरच्या थराला लावलेली पट्टी पुढच्या धुण्यात तो थरही घेऊन येते. पट्ट्या संपल्या तर घरातली कुठलीही जुनी सुती साडी चालेल. रंग जुळवत बसू नका.